दहाव्याच्या दिवशीची शिडं

माझ्या आतेभावाला फोटोग्राफीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण हे वाईट बोलणं नव्हे, खरी गोष्ट आहे. भिंगाचं तोंड किती उघडावं, किती वेळ उघडं ठेवावं, आभाळ असताना काय करावं, पाण्यावर ऊन असताना काय करावं, यातलं त्याला ओ की ठो येत नव्हतं. त्याच्याकडे एक काळा डबा होता. डब्याला खटका होता. खटका दाबला की फोटो निघाला, एवढंच त्याचं शास्त्र. आणि तरीही मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे आमच्या किनाऱ्यावर फोटो म्हटलं की लोक त्याचं नाव घेत, माझं नाही. माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं.

मी अलिबागला शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. घर नागावला, नारळ-सुपारीच्या वाडीत. शाळेत जाणं-येणं सायकलवरून. माझा कॅमेरा मुंबईत फोर्टातल्या एका दुकानातून आणलेला. विलायतेला परत जाणाऱ्या साहेबांचं सामान तिथे विकायला यायचं. सागवानासारख्या तकतकीत लाकडाचा, पितळी स्क्रूंचा, पुढे भिंग आणि मागे काच, मध्ये चामड्याचा भाता. त्याला तिवई लागायची, डोक्यावर घ्यायला काळं कापड लागायचं आणि प्रत्येक फोटोला एक वेगळी काचेची प्लेट लागायची. तो चालवायला मी वर्षभर शिकलो. इंग्रजी पुस्तकं मागवून, कोश शेजारी ठेवून वाचली. प्लेटा धुवायची औषधं स्वतः तोलून कालवायला लागलो. माझं एकच मागणं होतं. आमच्या समुद्राचा एक फोटो मला काढायचा होता.

तो कुठला ते सांगतो. पाऊस ओसरायला लागला, की भाद्रपद-आश्विनात कधीकधी सकाळी खांदेरी बेटाच्या अंगाला आभाळ काळंकुट्ट होतं आणि इकडे गावाच्या मागे, डोंगराकडे मात्र उघडीप असते. ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि थेट समुद्रावर पडतं. त्याच वेळी कोळ्यांच्या होड्या परतत असल्या, तर त्यांची शिडं काळ्या आभाळावर अशी पेटून उठतात की डोळा ठरत नाही. हे सगळं चहाचा कप संपेपर्यंत टिकतं. मग ढग तरी पुढे सरकतो, नाहीतर ऊन तरी झाकतं. पाच वर्षांत ते मी चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा कॅमेरा घरी होता.

घरी म्हणजे घरातसुद्धा नाही, गोठ्यात. कारण भाता चामड्याचा. वडील कडक सोवळ्याओवळ्याचे. कॅमेरा आणला त्या दिवशी त्यांनी तो ओसरीवरूनच पाहिला आणि विचारलं, "ते पुढचं घड्याघड्यांचं काय?" मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, पण मला तेव्हा माझ्या ज्ञानाची मस्ती होती. म्हटलं, "चामडं. उत्तम प्रतीचं." झालं. "गोठ्यात ठेव. हात लावलास की आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही," एवढं बोलून ते पंचांगात डोकं घालून बसले. तेव्हापासून माझी फोटोग्राफी गोठ्याच्या माळ्यावर. समुद्रावर काही दिसलं, की आधी घरी पळायचं, गोठ्यात शिडी लावायची, कॅमेरा उतरवायचा, न्हाणीघराच्या खिडकीला गोणपाट लावून काळोखात प्लेट भरायची, तिवई सायकलला बांधायची आणि वाळूत सायकल ढकलत न्यायची. तोवर समुद्र पुन्हा रोजच्यासारखा राखाडी. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ना, मी तर पाणी समोरून वाहून गेल्यावर खणत होतो.

एकदा एक म्हातारा तांडेल जाळं विणत माझी ही धावपळ बघत बसला होता. मी तिवईचे पाय वाळूत रोवत होतो. तो म्हणाला, "मास्तर, तुमचा ह्यो संसार मांडून व्हईपातूर आमची होरी ममईला जाऊन परत येल." त्याचं खरं होतं आणि खरं बोलणाऱ्याचा मला राग येतो.

आता आतेभावाकडे वळतो. तो सरकारात देवी काढायच्या कामावर होता. लोक त्याला देवीडाक्तर म्हणत. लशीची पेटी सायकलला लावून तो उरणपासून पालीपर्यंत गावोगाव फिरायचा. पोरांच्या दंडावर टोचायचा, आया रडक्या पोरांना घेऊन पळत सुटल्या की त्यांच्या मागे पळायचा. चेहरा हसरा, बोलणं भरपूर, कुठेही गेला तरी चहा मिळायचा. एका मित्राने त्याला तो काळा डबा दिला, आणि तोही फोटोग्राफर झाला.

त्याची आई म्हणजे माझी आत्या, सोवळ्याच्या बाबतीत माझ्या वडिलांची बहीण शोभेल अशी. डबा पाहताच तीही म्हणाली, चामडं आहे, बाहेर ठेव. डब्यावर चामडं नव्हतं, काळं रंगवलेलं कापड होतं; पण हा वाद घालत बसला नाही. त्याने आत्याची जुनी धाबळी मागून घेतली, तिची पिशवी शिवून घेतली आणि डबा त्यात घातला. धाबळी लोकरीची, आणि लोकरीला विटाळ नाही. "आता आत काय आहे ते तुला कशाला? वरून तर सोवळंच आहे," तो म्हणाला. आत्या थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग असू दे." संपलं! तेव्हापासून त्याचा कॅमेरा जेवणाच्या पंगतीपासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कुठेही त्याच्या खांद्याला. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस धड जेवलो नाही. धाबळी आमच्याकडेही होती. चांगल्या तीन होत्या. चार वर्षं मी गोठ्याच्या शिडीवर चढउतार करत होतो आणि मला हे सुचलं नव्हतं. आता मीही तेच केलं तर त्याची नक्कल केल्यासारखं होईल, म्हणून मी केलं नाही. माझा कॅमेरा गोठ्यातच राहिला. माणूस स्वतःच्या नाकासाठी काय काय सोसतो!

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. त्याला फिल्म धुता येत नव्हती. रीळ भरलं की तो ते माझ्याकडे घेऊन यायचा. "तुझ्यासारखा हात कुणाचा नाही," म्हणायचा, आणि मी मूर्खासारखा फुलायचो. रविवारी दुपारी न्हाणीघराचं दार लावून, लाल काचेचा कंदील पेटवून, मी त्याची फिल्म दोन्ही टोकांना धरून औषधाच्या थाळीतून वरखाली फिरवायचो आणि माझ्याच डोळ्यांपुढे त्याचं नशीब उमटत जायचं. उरणच्या मिठागरात मिठाच्या राशींमधून ओळीने चाललेल्या बाया. पालीच्या रस्त्यावर उतरलेलं धुकं आणि त्यातून वर आलेली नुसती बैलांची शिंगं. धरमतरच्या खाडीत तरीच्या होडीवर उभी राहिलेली म्हैस. एकही फोटो सरळ नाही. समुद्र तिरपा, माणसांची डोकी कापलेली, कोपऱ्यात याचं स्वतःचं बोट. आणि तरी त्यात काहीतरी असायचं, जे माझ्या सरळ, स्वच्छ, नीट बेतलेल्या फोटोंत नसायचं. मी त्याला म्हणायचो, "क्षितिज तिरपं आहे." तो म्हणायचा, "असेल. मी सायकलवर होतो." असं उत्तर देणाऱ्या माणसाचं काय करायचं?

मला त्याचा द्वेष वाटायचा, हे मी आता कबूल करतो. तेव्हा मी त्याला कलेविषयीची तळमळ म्हणत होतो.

कॅमेरा आणल्याच्या पाचव्या वर्षी भाद्रपदात वडील गेले. आठ दिवस ताप होता, नवव्या दिवशी पहाटे प्राण गेला. मी एकुलता मुलगा, सगळं मलाच करायचं होतं. डोकं भादरलं, दहा दिवस सुतकात वेगळा बसलो. त्या दहा दिवसांत मला कॅमेऱ्याची आठवणसुद्धा झाली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण आठवण झाली. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी ओसरीच्या कोपऱ्यात बसलो असताना नारळींच्या शेंड्यांवर पिवळं ऊन पडलं आणि मागे आभाळ काळं दिसलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज समुद्रावर शिडं पेटली असतील. दुसरा विचार आला, की आतेभाऊ आज कुठे असेल?

दहाव्याला तो आला. सख्ख्या मामाचा दहावा, त्याने यायलाच हवं होतं. आमच्याकडे दहावा समुद्रावर करतात. भटजी, काका, दोघे-तिघे भाऊबंद आणि तो, असे आम्ही वाडीतून वाळूवर उतरलो. बायका घरी. मी पंचा नेसून, उघडाबोडका. त्याच्या खांद्याला धाबळीची पिशवी. ती पिशवी मला वाळूभर दिसत होती.

पिंड झाले. दर्भावर मांडले. आम्ही पंधरा-वीस पावलं मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. एरवी सुकत घातलेल्या मासळीवर धाड घालणारे आमचे कावळे त्या दिवशी नारळींवर बसून होते. एकजण खाली आला, पिंडाभोवती दोन उड्या मारल्या आणि परत गेला. काका मला म्हणाले, "काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात. बोल तू."

मी म्हटलं, "बाबा, आईला सांभाळीन."

कावळा हलला नाही.

"वाडीचं शिंपणं चुकवणार नाही. आत्याकडे जाऊनयेऊन राहीन."

काही नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करू का म्हणून विचारलं. काका म्हणाले, "थांबा हो, एवढी घाई नाही." आणि नेमकं तेव्हा माझ्या मानेवर ऊन लागलं.

मी समुद्राकडे पाहिलं. खांदेरीच्या वर आभाळ शाईसारखं झालं होतं आणि त्याच्या पुढे सात शिडं, एकापाठोपाठ एक, तिरपी, पांढरीशुभ्र. सात. इतकी मी चारही वेळांत कधी एकदम पाहिली नव्हती. पाणी हिरवं दिसत होतं. घर पाच मिनिटांवर, पळत गेलो तर तीन. शिडी, माळा, एक प्लेट भरलेली पडलेली होतीच. पंच्यावर पळायचं. आंघोळ मग करता येईल. फक्त हा कावळा शिवायला हवा. कावळा शिवला, की मी मोकळा. मी त्या पाखराकडे असा बघत होतो की माणसाकडे कुणी बघू नये. आणि मागे, केवड्याच्या बनापाशी, आतेभाऊ पिशवीत हात घालून उभा होता, हे मला न बघताच कळत होतं.

काका पुन्हा म्हणाले, "अरे, बोल की काहीतरी. त्यांना तुझं काय आवडत नव्हतं?"

मला एकच गोष्ट सुचली. मी घाईघाईने, जवळजवळ ओरडून म्हणालो, "बाबा, तो कॅमेरा सोडतो. पुन्हा हात लावणार नाही."

कावळा झपकन खाली आला आणि त्याने पिंडात चोच घातली.

"सुटले," काका म्हणाले. भटजींनी हात जोडले. सगळ्यांनी जोडले. मी मात्र धावायला वळलो होतो. एक पाऊल टाकलं, आणि मग मी काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. कॅमेरा आणायला मोकळं व्हावं म्हणून मी कॅमेराच सोडला होता, वडिलांच्या पिंडासमोर, चार माणसांच्या साक्षीने. असा गाढवपणा आमच्या अष्टागरात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. मी तिथेच थांबलो आणि पुन्हा समुद्राकडे वळून शिडं बघत उभा राहिलो. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. ती सातही शिडं सावकाश माझ्या डोळ्यांसमोरून जात होती, आणि तेवढ्यात मागे केवड्यापाशी खटका वाजला. लहानसा आवाज, पण मला तो समुद्राच्या गाजेतूनही ऐकू आला.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी तो रीळ घेऊन आला.

"मी सोडलंय हे सगळं," मी म्हटलं. "तू होतास की तिथे."

"कॅमेरा सोडलास. फिल्म धुणं कुठे सोडलंस? मामाला फिल्म धुतात हे ठाऊक तरी होतं का?"

अशा वेळी त्याचा फार राग यायचा, कारण तो बरोबर असायचा. मी रीळ घेतलं. त्याच्यासाठी घेतलं नाही. ती सात शिडं त्याला किती मिळाली आहेत, हे मला बघायचं होतं. आणि दुसरंही एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. रीळ माझ्या हातात होतं, न्हाणीघराच्या दाराची कडी माझ्या हातात होती, आणि बाहेर भर दुपारचं ऊन होतं. कडी काढून दार वीतभर उघडलं असतं, तर सगळं रीळ काळं झालं असतं. औषध बिघडलं, म्हटलं असतं. त्याला काय कळणार होतं? "असू दे," म्हणाला असता आणि चहा पिऊन गेला असता.

दार लावून मी फिल्म थाळीत घातली. वरखाली, वरखाली. आधी कुठल्याशा गावातली देवी काढून घेणारी पोरं उमटली. मग एक तिरपी विहीर. मग काही नाही, बोट. शेवटच्या तुकड्यात सात काळे ठिपके उमटायला लागले. फिल्मवर सगळं उलटं दिसतं. पांढरं ते काळं. सातही होती. एकही कापलं गेलं नव्हतं. मी डाव्या हाताने दोन्ही टोकं धरली आणि उजवा हात कडीवर ठेवला. हे मी मनात म्हणालो असं नव्हे, खरोखर ठेवला. कडीचं लोखंड ओलं होतं, ते मला आठवतं.

तेवढ्यात शिडांच्या खाली आणखी काहीतरी उमटलं. माणसं होती. एका बाजूला घोळका, आणि त्यापासून वेगळा एकजण. त्याचं डोकं गोल आणि काळं, म्हणजे उन्हात चकाकणारं, म्हणजे भादरलेलं. मी कंदिलाजवळ गेलो. घोळक्यातल्या सगळ्यांची तोंडं एका बाजूला होती, आणि या एकट्याची पाठ. तो काय करतोय हे नीट दिसावं म्हणून मी फिल्म आणखी थोडा वेळ औषधात ठेवली, मग पाण्यात, मग हायपोत. हायपोतून काढली तेव्हा ती पक्की झाली होती, आता दार उघडलं तरी तिला काही होणार नव्हतं. ती वाचली ती माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. फोटोत मी होतो, म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी उन्हात छाप काढला. वाळूवर पिंड, त्यावर वाकलेला कावळा, हात जोडून उभे असलेले काका आणि भटजी, सगळ्यांच्या नजरा पिंडावर. आणि वडिलांचा एकुलता एक मुलगा त्या सगळ्याला पाठ करून समुद्राकडे बघत उभा. त्याच्या डोक्यावरून काळं आभाळ आणि सात शिडं. क्षितिज अर्थातच तिरपं होतं.

आतेभावाला छाप दिला तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "तुला शिडं काढायची होती, तर दोन पावलं पुढे यायचंस. आम्ही मध्ये आलो नसतो."

तो म्हणाला, "शिडं कशाला? ती रोज असतात. मी तुझा काढला."

शिडं रोज असतात! ज्यांच्यासाठी मी पाच वर्षं झुरलो, ज्यांच्यासाठी मी बापाच्या पिंडासमोर नको ते बोलून बसलो, ती याला रोजची होती. आणि जो मला दिसलाच नव्हता असा फोटो याला पाठीमागे उभं राहून दिसला. त्या क्षणाइतका मी त्याच्यावर कधीच जळलो नसेन. हा फोटो मला काढता यायला हवा होता, असं वाटलं. ज्या फोटोत मीच आहे तो मी कसा काढणार, हे कळत असूनही वाटलं.

मुंबईच्या एका मासिकाने तो छापला. खाली 'पितृशोक' असं छापलं होतं. मग काय विचारता! शाळेत हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाजारात अनोळखी माणसं थांबून म्हणाली, "मास्तर, पाठमोऱ्या माणसाचं दुःख एवढं दिसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं." मी मान खाली घालायचो, आणि मान खाली घातली की त्यांना आणखीच भरून यायचं. खरं काय ते फक्त मला माहीत होतं. आतेभावाला ठाऊक होतं की नाही, ते मी त्याला कधी विचारलं नाही आणि तो बोलला नाही. बहुधा ठाऊक असावं. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे, हेच तर माझं दुखणं होतं. माझ्या कॅमेऱ्याच्या भात्याला पुढे झुरळांनी भोकं पाडली आणि लाकडी भाग कुणीतरी मागून नेला.

मासिक घरी आलं तेव्हा आईने ते पान कापून काच लावून घेतलं आणि माजघरात, तिच्या जपाच्या जागेसमोर टांगलं. मला ते नको होतं. मी म्हटलंही, "आई, हे काय लावायचं घरात?" तिने ऐकलं नाही. दहाव्याला बायका समुद्रावर जात नाहीत. तिथे काय झालं ते तिने पाहिलं नव्हतं, तिला एवढंच बघायला मिळालं होतं. रोज जप झाला, की ती उठून पदराने काच पुसायची. तिला दिसायचंही कमी. एक दिवस तिने मला जवळ बोलावलं आणि काचेवर बोट ठेवून विचारलं, "यात ते कुठे आहेत रे?"

मी तिचं बोट धरून पिंडावर ठेवलं. फोटोत तो तांदळाच्या दाण्याएवढा होता.

"हे का," ती म्हणाली. पदराने तेवढीच काच पुन्हा पुसली आणि म्हणाली, "आपल्या घरात त्यांचा एवढाच फोटो."

"त्यांना आवडायचं नाही ना फोटोचं," मी म्हटलं.

"कोण म्हणालं तुला?" तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "जायच्या आधीच्या दिवाळीत दोन दिवस सकाळी उठून, लाल रुमाल बांधून, उपरणं घेऊन ओसरीवर बसले होते. मी विचारलं, कुठे जायचंय का? म्हणाले, नाही, सहज. मला कळलं. म्हटलं, त्याला सांगा ना. तर म्हणाले, सांगायचं कशाला, त्याला दिसेल तेव्हा काढील."

मला त्यातली एक सकाळ आठवली. थंडी पडली होती आणि रेवदंड्याच्या खाडीवर धुकं असणार म्हणून मी घाईत होतो. तिवई सायकलला बांधलेली, प्लेटा भरलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझी सगळी तयारी वेळेवर झाली होती. वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठे निघालास?" आणि मी मान न वळवता म्हणालो, "फोटो काढायला."